शटर १/२००० ठेवलं, तरी हमिंगबर्डचे पंख धूसर का?

अमेरिकेच्या पूर्व भागात एप्रिल संपत आला की मागच्या अंगणांत आणि डेकवर साखरपाण्याचे लाल फीडर टांगले जातात. मे उजाडतो तशी आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हमिंगबर्डची हजेरी लागते. फोटो न्यू जर्सीतून आलेला असो की नॉर्थ कॅरोलायनातून, साचा एकच: अंग बऱ्यापैकी स्पष्ट, डोळा चमकतोय आणि पंखांच्या जागी राखाडी धूर. खालचा प्रश्नही ठरलेला: "शटर १/२००० ठेवलं होतं, तरी असं का?" त्यावर कुणाचं तरी उत्तर येतं, "अजून वाढव."

शटरचा वेग वाढवून, म्हणजे ते सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी वेळ उघडं ठेवून, थोडा फरक पडतो. पण पीस न् पीस मोजता येईल असे जे फोटो आपण मासिकांत नि कॅलेंडरांवर बघतो, त्यांतले कितीतरी १/२०० किंवा १/२५० एवढ्या संथ शटरने काढलेले असतात. हे वाचून गोंधळ होणं साहजिक आहे. तिथे पंख थांबवण्याचं काम शटर करतच नाही, प्रकाश करतो. या लेखाचा बराचसा भाग त्याच्यावरच खर्च होणार आहे. साखरपाणी, चिकटपट्टी वगैरे पुढे येईल.

आधी थोडं गणित

मिसिसिपी नदीच्या पूर्वेला अंगणात दिसणारा हमिंगबर्ड जवळजवळ नेहमी रूबी-थ्रोटेड असतो. त्या पट्ट्यात घरटं करणारी ही एकच जात. (पॅसिफिक किनाऱ्यावरच्या लोकांकडे ॲनाज हमिंगबर्ड, तोही बारा महिने. नशीबवान मंडळी.) रूबी-थ्रोटेडचं वजन तीनेक ग्रॅम, लांबी चोचीपासून शेपटीपर्यंत ८ ते ९ सेंटीमीटर. हवेत एका जागी तरंगताना तो सेकंदाला साधारण ५० वेळा पंख मारतो.

त्याचा पंख साडेचार सेंटीमीटरचा धरू. पंख पुढे जाताना टोक अंदाजे १२० अंशांची कमान काढतं, म्हणजे सुमारे ९ सेंटीमीटरचा प्रवास. मागे येताना पुन्हा तेवढाच. अशा ५० फेऱ्या एका सेकंदात, तेव्हा पंखाच्या टोकाचा सरासरी वेग झाला सेकंदाला ९ मीटर. कमानीच्या मध्यावर तो याच्या दीडपट होतो.

सेकंदाला ९ मीटर म्हणजे ताशी बत्तीस-तेहतीस किलोमीटर. हा आकडा ऐकून बहुतेकांची निराशा होते. गल्लीतली स्कूटर याहून जोरात जाते आणि तिचा फोटो १/१००० ला व्यवस्थित येतो. मग अडतं कुठे? स्कूटरच्या फोटोत तीन-चार मीटरचं दृश्य मावलेलं असतं. हमिंगबर्डच्या फोटोत जेमतेम १८ सेंटीमीटरचं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्या १८ सेंटीमीटरवर ६००० पिक्सेल पसरतात, म्हणजे एका मिलिमीटरला तेहतीसेक. आता १/२००० सेकंदात पंखाचं टोक साडेचार ते सात मिलिमीटर सरकतं. पिक्सेलमध्ये हे दीडशे ते सव्वादोनशे! धूर दिसणारच. १/४००० ला यातलं निम्मं, १/८००० ला पाव. तरीही टोक चाळीस-साठ पिक्सेल फराटलेलंच असतं, आणि प्रकाश एवढा कमी मिळतो की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढवून फोटो खरखरीत होतो.

तरी कधीकधी १/२००० लाही पंख खणखणीत येतात. तो योगायोग आहे, पण त्यालाही कारण आहे. पंख पुढे जाऊन मागे वळताना टोकाशी क्षणभर थांबतो. नेमकं तेव्हाच शटर उघडलं तर पंख स्थिर. म्हणून नैसर्गिक उजेडात काम करणाऱ्यांचा मार्ग सरळ आहे: भरपूर ऊन, १/३२०० च्या आसपास शटर, लांबलचक बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो), आणि संध्याकाळी त्यातून वेचणी. ज्यांना चार-पाच फ्लॅशचा पसारा नको, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. मला स्वतःला पंखांत थोडी हालचाल शिल्लक असलेला फोटो जास्त आवडतो. पंख पूर्ण गोठलेला पक्षी काही वेळा टाचणीला टोचल्यासारखा वाटतो. पण आवड वेगळी आणि कसं घडतं ते कळणं वेगळं.

प्रकाशच छोटा करायचा

पावसाळ्यातल्या मिट्ट काळोख्या रात्री वीज चमकते तेव्हा वाऱ्याने हेलकावणारा माड क्षणभर एकदम स्तब्ध दिसतो. आपले डोळे आधीपासून उघडेच होते; माड दिसला तो फक्त वीज होती तेवढाच वेळ. फ्लॅशने हमिंगबर्ड टिपण्याची सगळी युक्ती एवढीच आहे. कॅमेऱ्याचं शटर १/२०० सेकंद उघडं राहू दे. त्या वेळात आजूबाजूच्या उजेडाने काहीच उमटणार नाही अशी व्यवस्था करायची, आणि मध्येच १/२०००० सेकंदाचा एक लखलखाट करायचा. फोटो त्या लखलखाटापुरताच निघतो. त्यात पंखाचं टोक जास्तीत जास्त पाऊण मिलिमीटर सरकलेलं असतं.

ही कल्पना नवी नाही. एमआयटीतले विद्युत अभियंता हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात स्ट्रोब दिव्यांचं तंत्र घडवलं आणि त्यापुढे ज्या गोष्टी धरल्या त्यांत बंदुकीच्या गोळीबरोबर हमिंगबर्डही होता. त्यांना जे खास बनवून घ्यावं लागलं, ते आज आपल्या कॅमेऱ्यावर बसणाऱ्या साध्या फ्लॅशमध्ये आहे. फक्त तो वापरायचा उलटा.

उलटा म्हणजे असा. या फ्लॅशची ताकद कमी केली की दिवा मंद पेटत नाही. तो तेवढाच पेटतो, पण लवकर कापला जातो. पूर्ण ताकदीला लखलखाट साधारण १/१००० सेकंद किंवा त्याहून जास्त टिकतो. १/१६ ताकदीला तो १/१०००० च्या आसपास येतो आणि १/३२ ला १/१५००० ते १/२०००० सेकंदावर. कंपनीगणिक आकडे थोडे बदलतात, पण दिशा हीच. म्हणून हमिंगबर्डसाठी फ्लॅश १/१६ ते १/६४ याच पट्ट्यात ठेवायचा. स्टुडिओतल्या मोठ्या दिव्यांचं सगळ्यांचं असं नसतं. काहींत ताकद कमी केली की लखलखाट उलट लांबतो. ते भाड्याने आणण्याआधी माहितीपत्रक वाचलेलं बरं.

कमी ताकद म्हणजे कमी उजेड, आणि इथून पसारा सुरू होतो. एक फ्लॅश पुरत नाही, तीन ते पाच लागतात, तेही पक्ष्यापासून हात-दीड हातावर. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, त्यामुळे फ्लॅश जवळ सरकवण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. पक्षी बिचकतील अशी भीती वाटते, पण स्टँड दोन दिवस आधीच उभे करून ठेवले तर हमिंगबर्ड त्यांच्यावर बसायलाही कमी करत नाहीत. एक फ्लॅश लेन्सच्या जवळ, दोन बाजूंनी, एक मागून वरच्या बाजूने कडा उजळायला आणि एक पार्श्वभूमीवर. सगळे मॅन्युअलवर आणि सगळ्यांची ताकद एकच. त्यातला एखादा जरी ऑटोवर राहिला आणि लांबला, तर पंखावर धूसर सावली येते.

आता आजूबाजूचा उजेड घालवण्याबद्दल. भर उन्हात आयएसओ २०० ला १/२०० शटर आणि एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) हे जवळजवळ अचूक एक्सपोजर असतं. म्हणजे उन्हात फ्लॅशची युक्ती चालतच नाही. ऊन स्वतःच पूर्ण फोटो काढून मोकळं होतं, आणि तोही १/२०० सेकंदाचा धूसर. उघड्या सावलीत तीच सेटिंग तीन स्टॉपने (दर स्टॉपला उजेड निम्मा) काळी पडते, डेकच्या छताखाली आणखी. फीडर तिथे हलवा. मग सगळे फ्लॅश बंद करून एक फोटो काढा. तो काळाकुट्ट आला पाहिजे. त्यात फीडरची नुसती आकृती जरी दिसली, तरी प्रत्येक फोटोत पंखामागे भूत उमटणार. ही एवढी चाचणी टाळून माणसं लेन्स बदलत बसतात!

दोन खड्डे इथे हमखास लागतात. पहिला हाय-स्पीड सिंकचा. त्या पद्धतीत १/२००० लाही फ्लॅश चालतो, म्हणून ती मोहात पाडते. पण तिथे फ्लॅश एकदाच न लखलखता, शटरचा पडदा सरकत असेपर्यंत अतिजलद कंप पावत राहतो. म्हणजे तो छोट्या विजेऐवजी साध्या बल्बसारखा वागतो, पंख थांबवायची जबाबदारी परत शटरवर येते आणि ताकदही बरीच वाया जाते. इथे तिचा उपयोग नाही.

दुसरा खड्डा मिररलेस कॅमेऱ्यांच्या आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरचा. १/३२००० असा आकडा दिसतो आणि जीव हरखतो. पण सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, आणि पूर्ण चित्र वाचायला अनेक कॅमेऱ्यांना १/३० सेकंदाच्या आसपास लागतो. तेवढ्यात पंखाची दीड फेरी होऊन जाते. वरच्या ओळींतला पंख एका जागी, खालच्या ओळींतला भलत्याच. फोटोत पंख वाकडे, लांबट, कधी तर तुटल्यासारखे येतात. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ ३ मध्ये सगळ्या ओळी एकाच वेळी टिपणारा सेन्सर आहे आणि शटर थेट १/८०००० पर्यंत जातं. त्या कॅमेऱ्यापुरतं हे दुखणं संपलं आहे. किमतीकडे बघता बाकीच्यांनी यांत्रिक शटर वापरावं हे उत्तम.

काळ्या पार्श्वभूमीचं काय? आजूबाजूचा उजेड घालवला की मागची झाडंही गेली, आणि पक्षी मध्यरात्री उडत असल्यासारखा दिसतो. म्हणून मीटर-दीड मीटर मागे धूसर हिरवळीचा मोठा छापील फोटो उभा करतात आणि त्यावर वेगळा फ्लॅश मारतात. कोस्टा रिका, इक्वेडोरमधल्या पक्षी-लॉजांवर हीच मांडणी पर्यटकांना तयार मिळते. तिथून येणारे फोटो निर्दोष असतात आणि एकमेकांसारखेच असतात.

गळा लाल, मग काळा, मग पुन्हा लाल

पंखांनंतरची दुसरी तक्रार नराच्या गळ्याची. माणिकासारखा लाल गळा फोटोत काळा का येतो? कारण त्या पिसांत लाल रंगद्रव्य नाहीच. पिसांच्या अतिसूक्ष्म तंतूंत मेलॅनिनच्या चपट्या चकत्या थरावर थर रचलेल्या असतात आणि त्या चकत्यांत हवेचे बुडबुडे असतात. थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, त्यात लाल उजळतो आणि बाकीचे विझतात. ही रचना १९६०च्या सुमारास उलगडण्यात क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांचा मोठा वाटा होता. हे गृहस्थ तेव्हा ड्यूपाँट या अजस्र रसायन कंपनीचे अध्यक्ष होते आणि उरलेल्या वेळात अतिजलद फ्लॅश घेऊन अमेरिका खंडभर हमिंगबर्डच्या मागे फिरत.

फोटोवाल्याच्या कामाचा मुद्दा असा की हा रंग सगळ्या दिशांना जात नाही. पक्षी तुमच्याकडे तोंड करून असेल आणि प्रकाश तुमच्याच पाठीमागून येत असेल तेव्हा गळा पेटतो. मान थोडी वळली की विझला. म्हणून वर सांगितलेला एक फ्लॅश लेन्सला चिकटूनच हवा. नैसर्गिक उजेडात काम करत असाल तर सकाळचं ऊन पाठीवर घेऊन बसा. बाजूने येणाऱ्या सुंदर सोनेरी उजेडाचा इथे उपयोग नाही, कितीही मोह झाला तरी.

पक्ष्याची सवय ही खरी लेन्स

फीडरवर चार-सहा भोकं असतात. एक सोडून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे पक्षी कुठे येणार हे तुम्ही ठरवलंत. बसायच्या दांड्या काढून टाका, म्हणजे त्याला तरंगूनच प्यावं लागेल. मग त्याचं वागणं बघत बसा. तो भोकात चोच घालतो, काही क्षण पितो, चार-सहा इंच मागे सरकतो (मागे उडणं हे हमिंगबर्डना सहज जमतं), इकडे तिकडे बघतो आणि पुन्हा पुढे येतो. ती मागे सरकण्याची जागा फार बदलत नाही. फोकस तिथे लावून ठेवायचा. फीडर चौकटीबाहेर, पक्षी एकटा हवेत. फीडरऐवजी फूल दिसावं असं वाटत असेल तर ट्रम्पेट क्रीपर किंवा लाल साल्व्हियाचा एखादा तुरा भोकाच्या अगदी पुढे बांधता येतो.

फोकसला वाव किती? ४०० मिलिमीटरची लेन्स, अडीच मीटर अंतर आणि एफ/५.६ धरलं तर स्पष्ट पट्टा जेमतेम एक सेंटीमीटरचा. एफ/११ ला दोन. पक्षी समोरून येत असेल तर डोळा स्पष्ट आणि चोचीचं टोक धूसर, हे ठरलेलंच. तो कडेने दिसेल अशा बेताने बसलं की डोळा, चोच आणि शेपूट एकाच पातळीत येतात. गळ्याला समोरची बाजू हवी आणि फोकसला कडेची. दोन्हींचा सुवर्णमध्य म्हणजे किंचित तिरकस.

बटण दाबायलाही आपण उशीरच करतो. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत पाव-पंचमांश सेकंद जातो, तेवढ्यात हमिंगबर्ड दहा वेळा पंख मारून निघूनही गेलेला असतो. ओएम सिस्टम, निकॉन वगैरेंच्या नव्या कॅमेऱ्यांत बटण अर्धं दाबलं असताना मागचे काही क्षण साठवत राहण्याची सोय आहे. हिच्याइतकी उपयोगी सोय गेल्या दहा वर्षांत दुसरी आली नसावी. मात्र ती बहुधा इलेक्ट्रॉनिक शटरवरच चालते, तेव्हा वरचा खड्डा लक्षात ठेवूनच वापरा.

फीडरवर एखादा दादा असतोच. जवळच्या सुक्या काटकीवर बसून राहणार आणि दुसरा आला की अंगावर धावून जाणार. फोटोसाठी ही पर्वणीच. ती काटकी शोधून काढली की बसलेल्या पक्ष्याचे फोटो १/५०० लाही येतात. इतरांना प्यायला मिळावं म्हणून दुसरा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला लावावा, दादाला एका वेळी दोन्हीकडे पहारा देता येत नाही.

साखरपाण्याचं प्रमाण: एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. बस. गूळ, मध, ब्राऊन शुगर नको. मधाच्या पाण्यात बुरशी पटकन धरते. लाल रंगही नको, फीडर लाल असतो तेवढं पुरतं. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलून फीडर घासून धुवायचा. फीडर खिडकीपासून एकतर मीटरभराच्या आत ठेवा, नाहीतर दहा मीटर लांब. मधल्या अंतरावर पक्षी काचेवर जोरात आपटतो. घरटं सापडलं तर तिकडे फ्लॅश नेऊ नका. १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने अंडी-पिल्लं असलेल्या घरट्याला हात लावणं गुन्हा आहेच, पण पान बाजूला करून फोटो काढला तरी कावळा, ब्लू जे अशा घरटी लुटणाऱ्या पक्ष्यांना रस्ता दाखवल्यासारखं होतं. गार रात्री हमिंगबर्ड ऊर्जा वाचवायला शरीर थंड करून सुन्न पडून राहतात. अशा वेळी फांदीवर दिसलाच तर त्याला जागं करू नये.

पुण्या-मुंबईहून अधूनमधून "आमच्या बागेत हमिंगबर्ड आला" असा व्हिडिओ येतो. हमिंगबर्डच्या ३५० हून अधिक जाती फक्त अमेरिका खंडांत आहेत. आपल्या बागेत फुलासमोर तरंगणारा तो बहुधा हॉक मॉथ प्रकारचा पतंग (कीटक) असतो, आणि पक्षीच असेल तर शिंजीर (सनबर्ड). शिंजीर बहुतेक वेळा फांदी धरूनच मध पितो, त्यामुळे त्याला एवढा खटाटोप लागत नाही. पतंगाला मात्र वरचं फ्लॅशचं गणित जसंच्या तसं लागू पडतं.

फक्त फोन असेल तर फोटोचा नाद सोडून स्लो मोशन लावा. सेकंदाला २४० फ्रेमने एका फडफडीचे पाचेक तुकडे मिळतात. पंख इथेही जरा वाकडे येतील, कारण तेच ओळीओळीचं वाचन. पण फोन फीडरपासून हातभर अंतरावर छोट्या ट्रायपॉडवर ठेवून ब्लूटूथ बटणाने चालवला, तर पक्षी पंखांची आठाच्या आकड्यासारखी वळणं कशी घेतो ते स्वच्छ दिसतं.

वेळापत्रकाचं एवढंच सांगायचं. फीडरवर सगळ्यात गर्दी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत होते, दक्षिणेकडे निघालेले पक्षी चरबी साठवत असतात तेव्हा. फीडर चालू ठेवला तर ते निघणारच नाहीत हा समज चुकीचा आहे. दिवस लहान झाला की ते निघतात. मात्र प्रौढ नर सर्वांत आधी जातात. सप्टेंबरमधल्या गर्दीत असतात बहुतेक माद्या आणि त्या वर्षीची पिल्लं, पांढऱ्या गळ्याची. लाल गळा हवा असेल तर स्टँड, फ्लॅश आणि छापील हिरवळ यांची जुळवाजुळव मे ते जुलैमध्येच उरकायला हवी.